स्टीलचं भांडं घेताना: आकडा, जाडी आणि पक्कं बिल

तुळशीचं लग्न झालं की बेळगावच्या खडेबाजारात, निपाणी-खानापूरच्या बाजारपेठेत रुखवताच्या भांड्यांची खरेदी सुरू होते. दुकानात दोन पातेली शेजारी शेजारी असतात. दोन्ही आरशासारखी, पण भावात चांगलाच फरक. फरक का, असं विचारलं की बहुतेक ठिकाणी चुंबक पुढे येतं. ते पातेल्याला लावायचं, चिकटलं नाही की "अस्सल आहे, डोळे झाकून न्या."

ही पारख चुकीची आहे, आणि नवख्या गिऱ्हाईकाचं सगळ्यात जास्त नुकसान तिनेच होतं. स्टीलचं भांडं घेताना दोन वेगळे प्रश्न असतात. ते गंजेल का, हे स्टीलच्या ग्रेडवर ठरतं. त्यात पदार्थ करपेल का, हे तळाच्या जाडीवर आणि घडणीवर ठरतं. उत्तम ग्रेडच्या पातळ पातेल्यात दूध लागणारच, आणि जाडजूड पातेलं हलक्या ग्रेडचं असेल तर त्याला मिठाचे ठिपके पडणारच. दोन्ही प्रश्न सुटे विचारले की निम्मं काम झालं.

आधी आकडे ओळखा

लोखंडात किमान १०.५ टक्के क्रोमियम मिसळलं की त्याला स्टेनलेस म्हणतात. क्रोमियमचा हवेतल्या प्राणवायूशी संयोग होऊन भांड्यावर डोळ्यांना न दिसणारा पातळ थर बसतो. ओरखडा पडला तरी हवा-पाणी लागताच तो पुन्हा धरतो. स्टील गंजत नाही ते या थरामुळे. ग्रेडचे आकडे हा थर किती तग धरेल ते सांगतात.

३०४ : क्रोमियम साधारण १८ टक्के, निकेल ८ टक्क्यांच्या पुढे. डब्यावर १८/८ किंवा १८/१० लिहिलेलं असतं ते याच घराण्यातलं. १८/१० म्हणजे काही वेगळीच वरची जात, असं समजून जादा पैसे मोजू नका. स्वयंपाकघरात दोन्हींत फरक जाणवत नाही.

३१६ : यात निकेल १० ते १४ टक्के आणि शिवाय २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं. मिठाच्या पाण्याला हे ३०४ पेक्षा जास्त टिकतं. समुद्रकाठच्या कामाला, औषधांच्या कारखान्यांना ते लागतं. घरच्या आमटी-भाजीला त्याची गरज नाही. पैसे उरत असतील तर ते जाड तळावर घाला.

४३० : क्रोमियम १६ ते १८ टक्के, निकेल जवळजवळ नाही. याला चुंबक घट्ट चिकटतं. काही चमचे, झाकणं आणि इंडक्शनवर चालणाऱ्या भांड्यांचा बाहेरचा थर याचा असतो. हे हलकं स्टील नव्हे, काम वेगळं. पण आंबट-खारट पदार्थ मुरत ठेवायला ३०४ च बरं.

२०१, २०२ आणि जे-४ : बाजारात यांना मिळून "दोनशे सिरीज" म्हणतात. निकेल महाग, म्हणून ते कमी करून त्याच्या जागी मँगनीज घालतात. २०२ मध्ये निकेल ४ ते ६ टक्के आणि मँगनीज ७.५ ते १० टक्के असतं. जे-४ मध्ये निकेल १ टक्क्याच्या आसपास उरतं आणि क्रोमियमही १५-१६ टक्क्यांवर येतं. गंज रोखणारं क्रोमियमच घटल्यामुळे हे स्टील आधी हार मानतं.

४२० : कार्बन जास्त, म्हणून धार धरतं. सुरी, कात्री, विळीचं पातं याच जातीचं असतं. पातेल्यासाठी नाही.

आता चुंबकाकडे वळू. निकेल असो वा मँगनीज, दोन्हींमुळे स्टीलची आतली रचना अशी होते की चुंबक चिकटत नाही. म्हणजे ३०४ ला चिकटत नाही, आणि जे-४ लाही नाही. उलट अस्सल ३०४ चं पत्रं दाबून खोल पातेलं ओढलं की काठाशी आणि तळाच्या वळणावर चुंबक किंचित ओढलं जातं. पत्रं थंड असताना ताणलं गेल्याचा तो परिणाम, भेसळ नव्हे. आणि चांगल्या ट्रायप्लाय, म्हणजे तीन थरांच्या, कढईला बाहेरून चुंबक कडक चिकटतं, कारण बाहेरचा थर मुद्दाम ४३० चा ठेवलेला असतो. चुंबकाने दोनच गोष्टी कळतात: भांडं इंडक्शनवर चालेल का, आणि बाहेरचा थर ४३० सारखा आहे का. आतलं स्टील ३०४ की जे-४, हे चुंबक सांगू शकत नाही.

"फूड ग्रेड", "सर्जिकल स्टील", "हेवी क्वालिटी" या शब्दांवरूनही ग्रेड कळत नाही. आकडा विचारा.

पायरी १ : भांड्यात काय, आणि किती वेळ राहणार ते ठरवा

स्टीलचे शत्रू दोन, मीठ आणि आंबटपणा. पण त्यांच्याइतकंच महत्त्व वेळेला आहे. जेवणाच्या ताटात आमटी अर्धा तास राहते आणि ताट लगेच धुतलं जातं. कढी मात्र सकाळपासून रात्रीपर्यंत त्याच पातेल्यात बसते. म्हणून सगळं घर ३०४ ने भरायची गरज नाही.

३०४ कुठे हवंच? आमटी, कटाची आमटी, रस्सा, आमसुलाचं सार, चिंचेचं पिठलं शिजवायच्या पातेल्यांना. दही-ताकाच्या भांड्याला. शाळेच्या आणि कामावरच्या जेवणाच्या डब्याला, कारण त्यात भाजी चार-पाच तास बंद राहते. पिण्याच्या पाण्याच्या पिंपाला, कळशीला, बिंदगीला, कारण त्यांत पाणी दिवसरात्र असतं आणि पाण्याच्या रेघेवर ठिपके आधी पडतात. अथणी-सौंदत्तीकडच्या कोरड्या पट्ट्यात बोअरचं जड, क्षारांचं पाणी वापरणाऱ्यांनी पिंपाच्या बाबतीत अजिबात तडजोड करू नये.

२०२ कुठे चालेल? ताटं, वाट्या, परात, पीठ-डाळ-तांदळाचे कोरडे डबे. जे-४ फार तर शोभेच्या वस्तूला आणि कोरड्या डब्याला. डब्यात मीठ भरणार असाल तर कुठल्याच ग्रेडवर विसंबू नका. पावसाळ्यात खानापूर-जांबोटीकडे मिठाला पाणी सुटतं आणि ते डब्याच्या तळाशी साचतं. मिठाला आणि लोणच्याला चिनी मातीची बरणी किंवा काच. लोणचं महिनोन् महिने स्टीलमध्ये ठेवायचं नाही, ३१६ असलं तरी.

निकेलची ॲलर्जी असलेल्यांसाठी एक सूचना. कानातल्याने, घड्याळाच्या पट्ट्याने अंगावर पुरळ उठत असेल तर टोमॅटो, चिंच, कोकम स्टीलमध्ये तासभर उकळत ठेवू नका. आंबट पदार्थ बराच वेळ शिजला की थोडं निकेल उतरतं. नव्या भांड्यात ते जास्त, वापरता वापरता कमी होतं. आंबट पदार्थांसाठी मातीचं किंवा काचेचं भांडं ठेवा आणि डॉक्टरांना विचारा. बाकीच्यांनी घाबरायचं कारण नाही.

पायरी २ : जाडी काट्यावर मोजा

दुकानात जाडी गेजमध्ये सांगतात. गेजचा आकडा वाढला की पत्रा पातळ होतो, आणि नवखा इथेच फसतो. २४ गेज म्हणजे सुमारे ०.५६ मिलिमीटर, २२ म्हणजे ०.७१, २० म्हणजे ०.९१, १८ म्हणजे १.२२ आणि १६ म्हणजे १.६३. "चोवीस गेजचं भारी" असं कुणी म्हणालं तर ते कागदासारखं आहे, हे लक्षात ठेवा.

गेज खरं सांगितलं का, ते वजनकाट्यावर कळतं. भांड्यांच्या दुकानात काटा असतोच. सरळ बाजूंचं पातेलं घ्या, टेपने व्यास आणि उंची मोजा. समजा व्यास २० सेंटिमीटर, उंची १२. तळाचं क्षेत्रफळ ३.१४ × १० × १० = ३१४. बाजूचं ३.१४ × २० × १२ = ७५४. बेरीज १,०६८ चौरस सेंटिमीटर. स्टीलचं एक चौरस सेंटिमीटर पत्रं १ मिलिमीटर जाड असेल तर ०.७९ ग्रॅम भरतं. म्हणजे हे पातेलं १ मिलिमीटर जाडीचं असेल तर वजन सुमारे ८४४ ग्रॅम यायला हवं. काट्यावर ५०० ग्रॅमच भरलं तर जाडी ०.६ मिलिमीटर. वळवलेल्या काठाचं आणि कानांचं वजन यात धरलेलं नाही, तेव्हा खरी जाडी हिशोबापेक्षा थोडी कमीच निघेल. झाकण बाजूला ठेवून वजन करा.

शिजवायच्या साध्या, एकेरी पातेल्याला १ मिलिमीटरपेक्षा कमी जाडी नको. ताटाला ०.६-०.७ पुरते.

पायरी ३ : तळ निवडा

स्टील उष्णता फार हळू पसरवतं. ॲल्युमिनियम त्याच्या दहा-पंधरा पट वेगाने. म्हणून एकेरी स्टीलच्या पातेल्यात गॅसच्या ज्वाळेचं कडं असतं, तिथेच दूध लागतं. पातेलं धुताना तळाला तपकिरी गोल वळ दिसतो, तो नेमका बर्नरच्या मापाचा असतो. कुंद्यासाठी दूध आटवताना, खीर किंवा पुरण घोटताना हा वळ सगळा पदार्थ बिघडवतो. ग्रेड ३०४ असला तरी इथे उपयोग नाही.

उपाय दोन. पहिला सँडविच तळ. यात पातेलं एकेरीच, पण तळाला ॲल्युमिनियमची चकती बसवून वरून स्टीलने झाकलेली असते. आमटी, भात, दूध यांना हा छान चालतो आणि ट्रायप्लायपेक्षा स्वस्त पडतो. खरेदीच्या वेळी तळाच्या कडेवरून नख फिरवा. फट लागली तर ते भांडं नको, कारण धुताना पाणी आत शिरतं आणि पुढे चकती सुटते. चकती तळाच्या कडेपर्यंत पोचलेली असावी. ती आखूड असेल तर कोपऱ्यात कडं करपतं.

दुसरा ट्रायप्लाय. आत ३०४, मध्ये ॲल्युमिनियम, बाहेर ४३०, आणि हे तिन्ही थर तळापासून काठापर्यंत. एकूण जाडी २.५ मिलिमीटरच्या आसपास असावी. कढईला ट्रायप्लायच घ्या, कारण कढईत पदार्थ बाजूंनाही लागतो. बजेट बेताचं असेल तर ट्रायप्लाय कढई एक आणि सँडविच तळाची पातेली दोन, एवढ्यावर घर सुरू होतं.

तळाला तांब्याचा रंग असलेली भांडी बरीच विकली जातात. बहुतेकांवर तो मुलामा इतका पातळ असतो की उष्णता पसरायला त्याची मदत होत नाही. दिसायला सुंदर, पण त्यासाठी जादा पैसे मोजू नयेत.

इंडक्शनवर वापरायचं असेल तर इथे चुंबक कामाचं आहे. ते तळाच्या मध्यावरही आणि कडेलाही घट्ट चिकटलं पाहिजे. मग तळावर सरळ पट्टी आडवी धरून उजेडात बघा. मधून उजेड दिसत असेल तर तळ सपाट नाही. स्वयंपाक चुलीवर असेल तर ज्वाळ बाजूंनी चढते, तिथे सँडविच तळाचा फायदा अर्धाच मिळतो. चुलीसाठी जाड एकेरी पातेलं बरं.

पायरी ४ : कान, दांडा, काठ

भांडं आधी गंजतं ते जोडाशी. कान टाचणीसारख्या ठिपक्यांनी वेल्ड केलेले असतात, तिथे तापून स्टीलमधलं क्रोमियम कार्बनशी बांधलं जातं, गंज रोखायला कमी उरतं. शिवाय सांध्यात खारट पाणी अडकतं. बोट फिरवून पाहा. खरखर, काळपट डाग किंवा फट नको. रिव्हेट, म्हणजे दांडा धरणाऱ्या ठोकलेल्या खिळ्या, असतील तर त्या स्टीलच्याच हव्यात. ॲल्युमिनियमच्या रिव्हेट आंबट-खारटात झिजतात आणि दांडा हलू लागतो.

काठाकडे बारकाईने पाहा. हलक्या दोनशे सिरीजच्या पत्र्यातून खोल भांडं ओढलं की त्यात ताण राहतो, आणि काही दिवसांनी, कुठेही न आपटता, काठापासून खाली उभी चीर जाऊ शकते. केसासारखी उभी रेघ दिसली तर ते भांडं परत ठेवा.

पायरी ५ : आकडा तपासा आणि बिलावर घ्या

भांड्यावर ३०४ ठोकलेलं असणं चांगलं, पण आकडा कुणीही ठोकू शकतो. केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये काढलेल्या गुणवत्ता आदेशाने स्टीलच्या भांड्यांना आयएसआय चिन्हाच्या कक्षेत आणलं. त्याचं मानक आयएस १४७५६. प्रेशर कुकरचं मानक वेगळं, आयएस २३४७. चिन्हाच्या वर मानकाचा क्रमांक आणि खाली सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. मोबाइलवर भारतीय मानक ब्युरोचं बीआयएस केअर ॲप उघडून तो क्रमांक टाका. कारखान्याचं नाव आणि वस्तू जुळली पाहिजे. मात्र आयएसआय चिन्ह आहे म्हणजे ३०४ च, असं नव्हे. ग्रेड वेगळा विचारायचा.

मग दुकानदाराला सांगा: "बिलावर ग्रेड ३०४ लिहून द्या." जीएसटीच्या पक्क्या बिलावर वस्तू, वजन आणि ग्रेड तिन्ही यावीत. खरा माल असणारा लगेच लिहून देतो. "लिहिता येत नाही, पण माल तोच आहे" असं उत्तर आलं तर ते २०२ समजून त्याच भावाने घ्या किंवा पुढचं दुकान बघा. पुढे तक्रार करायची झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर हेच बिल लागतं. ते कानडीत की इंग्रजीत, यावर काही अडत नाही. आकडा हवा.

केटरिंगसाठी, महाप्रसादाच्या मोठ्या पातेल्यांसाठी किंवा मंडळाच्या भांड्यांसाठी रक्कम मोठी असेल, तर मालाची चाचणी करून घ्या. स्वस्त चाचणी थेंबाची. भंगारवाले वापरतात ती रसायनाची छोटी बाटली आणि ९ व्होल्टची बॅटरी. जागा साबणाने पुसून कोरडी करा, थेंब टाका, बाटलीवर सांगितल्याप्रमाणे बॅटरीची टोकं काही सेकंद टेकवा. मँगनीज जास्त असेल तर थेंब लालसर होतो, ३०४ वर फिकट राहतो. रंग बाटलीवरच्या तक्त्याशी ताडून पाहा. ट्रायप्लायवर ही चाचणी आतल्या बाजूने करायची. रसायन आम्ल असतं, हातमोजे घाला आणि नंतर जागा चांगली धुवा. ही चाचणी मँगनीज जास्त आहे का, एवढंच सांगते.

पक्का आकडा यंत्रावर मिळतो. बेळगावात उद्यमबाग-मच्छे पट्ट्यात फाउंड्र्यांची मोठी वस्ती आहे, त्यामुळे धातूची तपासणी इथल्या लोकांना परकी नाही. एक्स-रेच्या हातातल्या यंत्राने भांड्याला डाग न पडता क्रोमियम, निकेल, मँगनीज कळतं. ठिणगी पाडून धातूतले घटक मोजणाऱ्या स्पेक्ट्रोमीटरला सपाट, जाडसर तुकडा लागतो आणि तो जळका डाग ठेवतो, म्हणून त्यासाठी नमुन्याचं एक भांडं द्यायची तयारी ठेवा.

घरी आणल्यावर

नव्या भांड्याला पॉलिशचं तेलकट मेण चिकटलेलं असतं. नुसत्या पाण्याने ते जात नाही. फडक्यावर गोडं तेल घेऊन आतून पुसा. फडकं काळं पडेल. काळं यायचं थांबेपर्यंत पुसा. मग गरम पाणी आणि साबणाने धुवा. शेवटी पाण्यात एका लिंबाचा रस घालून दहा मिनिटं उकळा आणि ते पाणी फेकून द्या.

मीठ कधी घालायचं, ही सवय पहिल्या दिवसापासून लावा. थंड पाण्यात मीठ टाकलं की खडे तळाशी जाऊन बसतात. प्रत्येक खड्याभोवती अत्यंत तीव्र खारं पाणी साचतं आणि तिथे क्रोमियमचा थर फुटतो. तिथे सुईच्या टोकाएवढा ठिपका पडतो, मधोमध काळा खड्डा. एकदा पडलेला खड्डा भरत नाही, कारण आतलं पाणी आणखी आम्ल होत जातं. पाणी उकळू लागल्यावर मीठ घाला आणि लगेच पळीने ढवळा. एवढ्यानेच ३०४ चं पातेलं वर्षानुवर्षं स्वच्छ राहतं.

परतण्यासाठी कढई आधी मध्यम आचेवर रिकामी तापवा. पाण्याचा थेंब टाका. तो चर्र करून नाहीसा झाला तर अजून वेळ आहे. थेंब पाऱ्यासारखा गोल होऊन पळू लागला की आच थोडी कमी करा, तेल घाला, मग फोडणी. थंड स्टीलवर घातलेला कांदा चिकटतोच. पण सँडविच किंवा ट्रायप्लाय भांडं रिकामं ठेवून दुसऱ्या कामाला जाऊ नका. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, विसरलेल्या शेगडीवर तळ सुटू शकतो.

डाग पडला तर आधी ओळखा. पांढरा थर म्हणजे पाण्यातला चुना. चिंचेच्या कोळाने किंवा व्हिनेगरने जातो. मोरपंखी, निळसर छटा जास्त तापल्याची, तीही व्हिनेगरने जाते. तांबूस डाग दिसला तर लगेच "नकली" म्हणू नका. लोखंडी तारेच्या घासणीचे कण चिकटून तेच गंजतात. लोखंडी तव्याला टेकून ओलं भांडं ठेवलं तरी तसं होतं. लिंबू आणि खायच्या सोड्याने मऊ घासणीने साफ करा आणि चार दिवस तारेची घासणी बंद ठेवा. डाग पुन्हा त्याच जागी आला आणि नखाला खड्डा लागला, तर स्टील हलकं आहे किंवा जोड बिघडलेला आहे. तेव्हा बिल काढा. ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात भांडी भिजवू नका, तिच्यातल्या क्लोरिनने चांगल्या स्टीललाही खड्डे पडतात.

जुनी भांडी मोडीत घालताना हाच आकडा पुन्हा कामाला येतो. मोडीचा भाव निकेलवर ठरतो, त्यामुळे ३०४ ला दोनशे सिरीजपेक्षा जास्त दर मिळतो. सगळं एकाच पोत्यात भरलं की भाव हलक्या मालाचा लागतो. ३०४ वेगळं बांधा, ट्रायप्लाय आणि सँडविच तळाची भांडी वेगळी ठेवा, कारण त्यांत ॲल्युमिनियम आहे, आणि काट्यावर चढवण्याआधी दर ग्रेडनुसार ठरवून घ्या.